तुळस वाळतेय? आधी तांब्या खाली ठेवा

कार्तिकात लग्न लागलेली तुळस पौषात काडी होते, हे इंदूरच्या मराठी घरांत इतकं नेहमीचं आहे की कित्येकजण ती वाळणारच असं धरून चालतात आणि पुढच्या दिवाळीला नर्सरीतून नवी आणतात. काही घरांत कुजबुज होते: नजर लागली, घरात काहीतरी दोष आहे, कुणीतरी नको तेव्हा हात लावला. यातलं काहीही नसतं. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक तुळशी पाण्याने गेल्या, आणि तेही जास्तीच्या. सकाळी आजी आंघोळ करून एक तांब्या घालतात, पूजा करताना सूनबाई दुसरा, आणि दुपारी पानं मलूल दिसली म्हणून कुणीतरी तिसरा. दहा-बारा इंचांच्या कुंडीत मालव्याची काळी माती ठासून भरलेली असेल, तर त्या तीन तांब्यांना जायला वाट नसते.

पुण्या-मुंबईकडून बदलून इथे आलेल्यांना आणखी एक धक्का बसतो. तिकडे वर्षभर हिरवी राहणारी तुळस इथे मे महिन्यात करपते आणि जानेवारीत झडते. इंदूरला मेमध्ये पारा ४० च्या वर जातो, लू वाहते. डिसेंबर-जानेवारीत रात्री तो १० च्या आसपास येतो आणि थंडीची लाट आली की आणखी खाली. तुळस उष्ण हवेतलं झाड आहे. तिला ऊन आवडतं, कोरडा गरम वारा सोसत नाही आणि थंडी तर अजिबातच नाही. हे लक्षात ठेवलं की अर्धं निदान झालं.

खत, औषध, नवी कुंडी यातलं काहीही हातात घ्यायच्या आधी क्रमाने पाहायचं असतं: झाड जिवंत आहे का, महिना कोणता चालू आहे, माती कशी आहे, मुळं कशी आहेत, आणि सगळ्यात शेवटी पानं. लोक नेमकं उलटं करतात. पान पिवळं दिसलं की खत घालतात. कुजलेल्या मुळांना खत म्हणजे तापात जेवणाचा आग्रह.

आधी नख लावून पाहा

खोडाची साल नखाने किंचित खरवडा. आत हिरवट ओलसर दिसलं तर तो भाग जिवंत आहे. तपकिरी कोरडं असेल तर थोडं खाली जा, पुन्हा खरवडा. असं मातीपर्यंत करत जायचं. सगळीकडे कोरडं लागलं तर पुढच्या खटपटीत अर्थ नाही, थेट शेवटच्या भागाकडे वळा. तिथे बियांचं सांगितलं आहे.

वयही विचारात घ्या. तुळस काही वडासारखी पिढ्यान्‌पिढ्या टिकत नाही. कुंडीत दोन-तीन वर्षं नीट जगली, खोड बोटाएवढं जाड आणि लाकडासारखं झालं, खालून सगळी बोडकी आणि टोकाला चार पानं, तर ती आजारी नाही, म्हातारी आहे. अशा तुळशीला औषधं घालत बसू नका. तिची मंजिरी धरा आणि नवी लावा.

महिना विचारा

मार्गशीर्ष-पौषात पानं लहान होणं, फिकट होणं, गळणं हे थंडीमुळे होतं. माती ठीक असेल, खोड हिरवं असेल, तर काही करू नका. या दिवसांत छाटणी नको, खत नको, कुंडीही बदलू नका. झाड जवळजवळ झोपलेलं असतं, मुळं पाणी कमी ओढतात, आणि आपण मात्र उन्हाळ्याइतकंच पाणी घालत राहतो. थंडीत तुळस जाते ती बहुधा या जोडगोळीने, गारठा आणि ओली माती.

मेमध्ये दुपारी पानं लोंबली आणि संध्याकाळी पुन्हा ताठ झाली तर तेही दुखणं नाही. उन्हाच्या वेळी पानांतून उडणारं पाणी मुळांना पुरवता येत नाही, एवढंच. संध्याकाळीही ती लोंबलेलीच असतील तर पुढे चला.

पावसाळ्यात, म्हणजे जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत, उघड्यावरच्या कुंड्या सतत भिजतात. कुंडीखालची ताटली त्या चार महिन्यांत काढूनच टाका. डासांचाही प्रश्न मिटतो.

बोट मातीत घाला

मधलं बोट दोन पेरं मातीत घाला. वरचा थर कोरडा दिसतो म्हणून पाणी घालणं ही सर्वात जास्त होणारी चूक. काळी माती वरून भेगाळते आणि आत चिखल असतो. बोटाला गार ओलं लागलं आणि झाड तरीही मलूल असेल, तर मुळं गुदमरत आहेत. कोरडं लागलं आणि झाड मलूल असेल, तर तहान आहे. दोन्हींत पानं सारखीच लोंबतात, म्हणून पानांवरून पाण्याचा निर्णय घेऊ नये.

कुंडी हलकी असेल तर उचलून पाहायची सवय लावा. पाणी घातल्यावर एकदा उचला, दोन दिवसांनी पुन्हा उचला; वजनातला फरक हाताला आठवडाभरात कळू लागतो. आणि वास घ्या. ओल्या मातीचा वास चांगला. गटारासारखा आंबूस वास आला तर खाली हवा पोचत नाही आणि मुळं कुजायला लागली आहेत.

तहानलेल्या तुळशीचा उपाय सोपा आहे. फार सुकलेली माती वरून घातलेलं पाणी धरत नाही, ते कडेकडेने खाली निघून जातं. बादलीत बोटभर पाणी घेऊन कुंडी त्यात अर्धा तास ठेवा, मातीने खालून पाणी शोषलं की काढून सावलीत निथळू द्या. संध्याकाळपर्यंत ती उभी राहते. गुदमरलेल्या तुळशीला मात्र हात घालावा लागतो.

कुंडीतून काढणं

पाणी बंद करा. दोन दिवस थांबा, म्हणजे मातीचा गोळा थोडा आवळेल. मग कुंडी आडवी धरून कडेने थापट्या मारा आणि खोड बुंध्याशी धरून गोळा अलगद सरकवा. ओढू नका. सिमेंटची कुंडी असेल तर कडेने जुनी सुरी फिरवावी लागते.

निरोगी मुळं पांढरी किंवा फिकट पिवळसर आणि करकरीत असतात. कुजलेली तपकिरी-काळी, बुळबुळीत, आणि चिमटीत धरून ओढली की वरची साल हातात येते, आत दोरा राहतो. कुजलेली सगळी स्वच्छ कात्रीने कापा. चांगल्या मुळांना लागलेली माती पूर्ण धुऊन काढायचा अट्टहास नको. जेवढी आपोआप गळते तेवढी गळू द्या.

मुळं जेवढी गेली तेवढा वरचा भारही कमी करायला हवा. अर्धी मुळं कापली आणि फांद्या सगळ्या ठेवल्या तर उरलेली मुळं पुरी पडत नाहीत. साधारण तिसरा हिस्सा छाटा, पण एक पथ्य पाळा: काप नेहमी हिरव्या पानांच्या जोडीच्या वर घ्या. तुळशीच्या जुन्या, बोडक्या लाकडाला नवी फूट येईलच असं नाही. पानं नसलेल्या जागी कापलेली फांदी पुष्कळदा तशीच वाळत जाते.

नव्या मातीत लावल्यावर एकदा खालून निथळेपर्यंत पाणी द्या आणि कुंडी आठ-दहा दिवस उजेडाच्या पण थेट ऊन नसलेल्या जागी ठेवा. मग बोट कोरडं लागेल तेव्हाच पाणी. या काळात ती आणखी काही पानं टाकेल, घाबरू नका. नवी फूट दिसेपर्यंत खताचं नाव काढायचं नाही. हे सगळं फाल्गुनापासून भाद्रपदापर्यंत केव्हाही करता येतं. ऐन थंडीत निघालेलं प्रकरण असेल तर कुंडी बदलण्याऐवजी पाणी तोडा, भोकं मोकळी करा आणि महाशिवरात्र उलटेपर्यंत कसंबसं तगवा.

एक प्रकार असाही दिसतो की झाडाची एकच बाजू अचानक वाळते, दुसरी हिरवीगार, आणि वाळलेली फांदी कापली तर आत तपकिरी रेघ. हा मर रोग, मातीतली बुरशी पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या बंद करते. तो बरा होत नाही. झाड काढा, ती माती दुसऱ्या कुंडीत वापरू नका.

माती, आणि आपल्या शहराचं खत

मालव्याची काळी माती शेतात सोयाबीन आणि गव्हाला उत्तम. पाणी मिळालं की ती फुगते, वाळली की आक्रसते आणि भेगा पडतात. शेतात या भेगांतून हवा खोल जाते. कुंडीत तीच माती दोन-चार महिन्यांत विटेसारखी बसते. पुन्हा ती चुनखडीची, म्हणजे अल्कधर्मी असते, त्यामुळे लोह मातीत असूनही मुळांना मिळत नाही.

म्हणून कुंडीत निव्वळ काळी माती नको. मी दोन भाग माती, एक भाग जाड वाळू आणि एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत घेते. माती पिवळी किंवा लाल मिळाली तर बरं, नाहीतर काळीच पण एक भाग कमी करून त्या जागी कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. वाळू बांधकामाच्या ढिगावरून आणली तर चाळून बारीक गाळ टाकून द्या, उरलेली जाड खर वापरा. कुंडीच्या भोकावर फुटक्या मडक्याची खापरी पालथी ठेवायची, म्हणजे माती वाहून जात नाही आणि पाणी अडत नाही.

खत कुजलेलं आहे की नाही हे वासावरून कळतं. शेणाचा वास आला तर ते अजून कच्चं आहे आणि मुळं भाजेल. पिकलेल्या खताला जंगलातल्या पालापाचोळ्याचा वास येतो, मुठीत दाबलं तर भुगा होतो. घरी करायचं असेल तर इंदूरकरांना बाहेर शिकायला जायची गरज नाही. जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखलं जाणारं कंपोस्ट इथेच, आज कृषी महाविद्यालय आहे तिथल्या संस्थेत, १९२४ ते १९३१ या काळात ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी बसवलं. पालापाचोळा आणि पिकांचा काडीकचरा, शेण, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती आणि थोडी राख असे थर, अधूनमधून उलथापालथ, ओलावा बेताचा; तीन महिन्यांत खत तयार. गोठा आता फार थोड्यांकडे आहे, पण झाकणाच्या बादलीला भोकं पाडून सुका पाला, भाजीची देठं आणि शेणाची एखादी गोवरी भिजवून थर लावले तरी काम होतं. उलथायचं मात्र चुकवू नका, नाहीतर खालचं आंबतं.

वापरलेला चहा कुंडीत टाकण्याची पद्धत घरोघरी आहे. दूध-साखरेसकट टाकला तर चिलटं आणि बुरशी. धुऊन, वाळवून टाका, आणि तोही चिमूटभर.

नर्सरीतून तुळस आणली की दुसरा सापळा असतो. खंडवा रोडवरच्या असोत की कुठल्याही, नर्सरीतली दिवाळीची तुळस हिरव्या जाळीच्या सावलीत, निव्वळ कोकोपीटमध्ये वाढवलेली असते. वर घनदाट, खाली मूठभर मुळं. घरी आणून आपण तिला वृंदावनात काळ्या मातीत बसवतो, लग्न लावतो आणि महिनाभरात थंडी येते. कोकोपीटचा गोळा एक, बाहेरची माती दुसरी, दोन्हींचं पाणी धरणं वेगळं. त्यात नर्सरीवाला भैया निरोप देतानाच सांगतो, “बस रोज पानी देना, दीदी।” शक्य असेल तर तुळस श्रावणातच आणा. दोन-अडीच महिने मिळाले की ती मूळ धरते आणि थंडीला तयार होते. आणि घेताना सर्वात मोठी निवडू नका, सर्वात बुटकी, फांद्या फुटलेली आणि मंजिरी न आलेली घ्या.

पूजा आणि झाड, दोन्ही सांभाळायची तर

इथे घरातल्या मोठ्यांशी बोलावं लागतं, म्हणून हा भाग जरा सविस्तर.

“पाणी न घालता नमस्कार कसा करायचा?” असं आजी विचारणारच. त्यांना पाणी घालू नका म्हणण्याऐवजी तांब्याच्या जागी पळी द्या. पळीभर पाण्याने कुंडीला काही होत नाही आणि नेमही मोडत नाही. तांब्याच घालायचा असेल तर वृंदावनाच्या पायथ्याशी एक ताम्हन ठेवा, अर्घ्य त्यात पडू दे, आणि जमलेलं पाणी जास्वंदीला किंवा मोगऱ्याला जाऊ दे. आणि घरात कुंडीला खरं पाणी कोण देणार, हे एकाच माणसावर ठेवा. तिघांनी थोडंथोडं घातलं की किती झालं हे कुणालाच कळत नाही.

वृंदावन स्वतःच पुष्कळदा गुन्हेगार असतं. संगमरवरी किंवा रंगवलेल्या सिमेंटच्या वृंदावनांना खाली भोकच नसतं, किंवा असतं ते रंगाने बुजलेलं. आधी तार घालून पाहा. भोक नसेल तर गवंड्याकडून ड्रिलने पाडून घ्या, नाहीतर आत बसेल अशी साधी मातीची कुंडी ठेवा, तिच्याखाली दोन विटांचे तुकडे, आणि पाणी साचलं तर उपसा. नवं सिमेंटचं वृंदावन आणलं असेल तर आठवडाभर पाण्याने भरून ठेवा, रोज पाणी बदला. कोऱ्या सिमेंटचा चुना मातीत उतरतो आणि आपली माती आधीच त्या बाजूला झुकलेली.

दूध, पंचामृत, साखरेचा नैवेद्य मातीत पडला की मुंग्या येतात. मुंग्या एकट्या येत नाहीत. पांढऱ्या कापसासारख्या पिठ्या ढेकणाला त्या राखतात, त्याच्या अंगातून झरणारा गोड द्रव खातात आणि त्याचे शत्रू हाकलतात. तुळशीला पिठ्या ढेकूण वारंवार होतो अशी तक्रार असेल तर आधी मुंग्या का येतात ते पाहा. नैवेद्य वाटीत दाखवा आणि उचला.

निरांजन बुंध्यापासून हातभर लांब हवं. संध्याकाळी रोज त्याच जागी ठेवलेल्या दिव्यामुळे एका बाजूची पानं करपतात आणि लोक त्याला रोग समजतात. हळद-कुंकू खोडाला न लावता वृंदावनाला लावा, बाजारी कुंकवात काय काय असतं कुणास ठाऊक. आणि इकडे लाल चुनरी गुंडाळायची पद्धत आहे, ती दिवसभर तशीच राहिली तर पानांना ऊन मिळत नाही. पूजेपुरती घाला, मग काढा. गंमत म्हणजे थंडीच्या रात्री तेच वस्त्र कामाला येतं. फक्त ते जुन्या सुती धोतराचं किंवा साडीचं असावं, संध्याकाळी दिवा विझल्यावर झाकावं आणि सकाळी ऊन आल्यावर काढावं.

आता पानं

माती आणि मुळं ठीक निघाली तरच पानं वाचायला घ्या. पान उलटं करून पाहा, सगळं लिहिलेलं खालच्या बाजूला असतं.

खालची जुनी पानं एकसारखी पिवळी पडत वर सरकत असतील तर नत्र कमी आहे. महिन्यातून एकदा मूठभर शेणखत मातीच्या वरच्या थरात मिसळलं की पुरे. युरियाचे दाणे टाकू नका, कुंडीत त्याचं प्रमाण सांभाळता येत नाही. उलट टोकाची नवी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या असतील तर ती लोहाची टंचाई. हिराकस (फेरस सल्फेट) घालायचा सल्ला मिळेल, पण चुनखडीच्या मातीत ते लवकरच निकामी होतं. तात्पुरतं चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह, पुड्यावरच्या प्रमाणात पानांवर फवारा, आणि खरा इलाज म्हणून माती बदला.

पानांच्या कडा तपकिरी, कुरकुरीत. कुंडीच्या काठावर पांढरी पुटं. हे क्षार. बोअरिंगचं पाणी घालणाऱ्या कॉलन्यांत हमखास दिसतं. नर्मदेचं पाणी, जे नदीकाठच्या जलूदहून पंप करत इंदूरला येतं, त्या मानाने चांगलं. पण बऱ्याच भागांत ते एक दिवसाआड येतं, त्यामुळे ते पिण्याला आणि झाडांना बोअरिंग अशी वाटणी होते. तुळशीपुरती एक बादली नर्मदेची बाजूला काढा. पावसाचं साठवता आलं तर त्याहून उत्तम. आरओ मशीनमधून बाहेर पडणारं पाणी वाया जाऊ नये म्हणून कुंड्यांना घालतात, ते तर मशीनमध्ये गेलेल्या पाण्यापेक्षाही खारट असतं; त्याने फरशी पुसा.

मार्च ते जूनमध्ये पानांवर बारीक फिकट ठिपके, पान धूसर, आणि फांद्यांच्या बेचक्यात कोळ्यासारखं झिरझिरीत जाळं दिसलं तर लाल कोळी. पांढऱ्या कागदावर फांदी झटका. चालणारे ठिपके दिसतील. कोरड्या गरम हवेत तो फोफावतो. सकाळी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पानांची खालची बाजू धुवायची, तीन-चार दिवस ओळीने. यानेच निम्मं काम होतं. पानं वाकडी, तपकिरी होत असतील आणि खाली काळे चकचकीत ठिपके व जाळीदार पंखांचे बारीक करडे किडे असतील, तर तो तुळशीचा खास ढेकूण. तेवढे शेंडे खुडून पिशवीत बांधून टाका. पिठ्या ढेकूण दिसला तर औषधाच्या दुकानातल्या स्पिरिटमध्ये कापूस बुडवून एकेक पुसा.

या तिघांवरही पुढे कडुलिंबाचं तेल चालतं: लिटरभर कोमट पाण्यात ५ मिलि तेल आणि भांड्याच्या साबणाचे चार थेंब, चांगलं घुसळून, संध्याकाळी, पानांच्या दोन्ही बाजूंना. आठ दिवसांनी पुन्हा, मग आणखी एकदा. आधी एका फांदीवर करून दुसऱ्या दिवशी पाहा. फवारणीच्या काळात ती पानं काढ्यात किंवा तीर्थात घालू नका. बी-बियाण्यांच्या दुकानात शेतीचं एखादं जहाल औषध पुढे केलं जाईल. ज्या झाडाचं पान आपण तोंडात घालतो त्याच्यावर ते मारू नये, मग किडे राहिले तरी चालतील.

श्यामा तुळशीची पानं जांभळी असतात, तो तिचा रंग आहे. दर थंडीत कुणीतरी त्याचा फोटो काळजीने पाठवतंच.

जागा

तुळशीला रोज पाच-सहा तास थेट ऊन हवं. फांद्या लांब, बारीक, एका दिशेला झुकलेल्या आणि पानं विरळ असतील तर ऊन कमी पडतंय. फ्लॅटमध्ये वास्तूप्रमाणे तुळस उत्तरेच्या किंवा ईशान्येच्या बाल्कनीत ठेवतात. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो आणि नेमक्या थंडीत उत्तरेच्या बाल्कनीत ऊन येतच नाही. मार्गशीर्ष ते माघ कुंडी दक्षिण किंवा पूर्व बाजूला हलवा, उत्तरायण रुळलं की परत आणा. मे महिन्यात मात्र बारा ते चार या वेळात हिरवी जाळी किंवा मोठ्या झाडाची सावली हवी, आणि गच्चीच्या तापलेल्या फरशीवर कुंडी थेट ठेवू नये, खाली लाकडी फळी घाला.

मंजिरी खुडायची

तुळशीला मंजिरी आली की सगळी ताकद बियांत जाते, पानं लहान होतात आणि खोड लाकूड होत जातं. कोवळी, हिरवी असतानाच खालच्या पानांच्या जोडीपर्यंत खुडा. तिथून दोन फांद्या फुटतील. विष्णूला आणि शाळिग्रामाला मंजिरी प्रिय, तेव्हा पूजा आणि छाटणी एकाच हाताने होतात. रविवारी, द्वादशीला किंवा तिन्हीसांजेनंतर तुळस तोडू नये असं घरात पाळत असतील तर पाळा. एका दिवसाने काही बिघडत नाही, पंधरवडाभर विसरलं तर बिघडतं.

वाचली नाही तर

मूळ कुजलंय पण वर एखादी फांदी हिरवी आहे, अशा वेळी झाडाचा नाद सोडून फांदी वाचवा. चार-पाच इंचांचा, मंजिरी नसलेला शेंडा कापा, खालची पानं काढा, पेल्यात पाण्यात ठेवा. एक दिवसाआड पाणी बदला. उन्हाळा-पावसाळ्यात दोनेक आठवड्यांत मुळं फुटतात, बोटाच्या पेराएवढी झाली की मातीत लावा. थंडीत हा प्रयोग बहुधा फसतो, पेल्यातच देठ काळं पडतं.

तेही नसेल तर वाळलेली मंजिरी पाहा. ती तपकिरी झाली असेल तर तळहातावर चोळा. मोहरीहून बारीक, काळपट बी पडेल. कागदाच्या पुडीत ठेवा. होळी झाली की पसरट कुंडीत चाळलेली माती आणि कोकोपीट निम्मं-निम्मं घेऊन वर बी भुरभुरा, हाताने हलकं दाबा, माती लोटू नका. इतकं बारीक बी खोल गेलं तर उगवत नाही. फवाऱ्याने ओलं ठेवा, तांब्याने नाही, नाहीतर सगळं बी एका कोपऱ्यात वाहून जाईल. आठ ते पंधरा दिवसांत कोंब दिसतात. चार पानं आल्यावर दाट जागचे विरळ करा आणि सहा पानांवर एकेक रोप लहान कुंडीत काढा. थेट मोठ्या वृंदावनात एवढंसं रोप लावलं तर भोवतालची माती आठवडाभर ओली राहते आणि ते बसल्या जागी कुजतं. आधी चार इंचांची कुंडी, मुळं भोकातून डोकावली की आठ इंचांची, आणि पावसाळ्याच्या शेवटी वृंदावन.

जुन्या तुळशीचं वाळलेलं खोड कचरागाडीत द्यायला मन होत नाही. जाड असेल तर मणी करणारे ते घेतात, माळा तुळशीच्या लाकडाच्याच असतात. बारीक काड्या बादलीतल्या खतात बारीक करून टाका. फक्त ती मर रोगाने गेलेली नसावी.